आरोग्य-माहितीशास्त्र, सिस्टिम्स इंजिनीअरिंग आणि शिकवणं: हे मिळून एक करिअर होतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ठाण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तुम्ही सहायक प्राध्यापक आहात, एम.टेक. इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये झालंय, आणि आता पीएच.डी. करून रुग्णालयांची माहिती-व्यवस्था (आरोग्य-माहितीशास्त्र), त्यांचं कामकाज (सिस्टिम्स इंजिनीअरिंग) आणि विद्यार्थी घडवणं या तिन्हींत काम करायचं आहे. विभागप्रमुख म्हणतात, "दोन डगरींवर पाय ठेवून लोक पडतात, तुम्ही तिसरी कुठून आणली?" हे करिअर खरंच आहे का, पीएच.डी. कुठल्या विभागात करावी आणि विद्यार्थ्यांमागे वेळ गेला तर संशोधन मागे पडेल का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी मुळात इंजिनीअर. पण बरीच वर्षं माझी प्रयोगशाळा म्हणजे परळ-शीव भागातल्या ओपीडी, मेडिकल रेकॉर्ड रूम आणि औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगा. त्या अनुभवावरून सांगतो: डगरी तीन नाहीतच. एक साधा हिशेब मांडून दाखवतो.

समजा, एका ओपीडीत दर पाच मिनिटांनी सरासरी एक रुग्ण येतो आणि डॉक्टरांना एका रुग्णाला सरासरी चार मिनिटं लागतात. रांगेच्या सगळ्यात प्राथमिक गणितानुसार रुग्णाचे दारात आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी 20 मिनिटं जातात. आता रुग्णालयात नवीन सॉफ्टवेअर आलं आणि प्रत्येक रुग्णामागे डॉक्टरांचं टायपिंग फक्त अर्ध्या मिनिटाने वाढलं. चारचे साडेचार झाले. रुग्णाचा वेळ किती वाढेल? वर्गात विचारलं की पोरं म्हणतात, दोनचार मिनिटं. उत्तर: 20 ची थेट 45 मिनिटं होतात. दुपटीहूनही जास्त. कारण डॉक्टर आधी 80 टक्के वेळ गुंतलेले होते, ते आता 90 टक्के गुंतले, आणि उरलेली फट 20 टक्क्यांवरून 10 वर आली. रांग त्या फटीवर अवलंबून असते. आणखी पाव मिनिट वाढवा, 95 मिनिटं होतात.

स्क्रीनवर किती रकाने ठेवायचे हे माहितीशास्त्रवाला ठरवतो. रांग सिस्टिम्सवाला मोजतो. दोघं वेगवेगळ्या इमारतींत बसतात आणि ते अर्धं मिनिट कुणाच्याच वहीत नोंदलं जात नाही. ते दिसायला ओपीडीच्या दारात घड्याळ घेऊन कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तिथे उभे राहतात ते विद्यार्थी. म्हणून विद्यार्थी-प्रशिक्षण हे या कामातलं तिसरं अंग नाही. पहिली दोन ज्यामुळे एकमेकांना भेटतात ते साधन आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं.

(गणितातल्या जाणकारांनी रागावू नये. खरी ओपीडी अशी संथ, एकसारखी नसतेच. सकाळी नऊला दार उघडतं तेव्हा सातपासून आलेली माणसं बसलेली असतात, आणि दुपारी एकला ती बंद होते. म्हणून पुढे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर ओपीडीची नक्कल, करावंच लागतं. पण विद्यार्थ्याच्या डोक्यात प्रकाश पाडायला हा हिशेब पुरतो.)

आता करिअर. 'आरोग्य-सिस्टिम्सचे प्राध्यापक' अशी जाहिरात आपल्याकडे सहसा निघत नाही. जागा निघते ती मेकॅनिकलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, ऑपरेशन्स रिसर्चमध्ये (गणिताने कामकाज सुधारण्याची शाखा), बायोमेडिकलमध्ये किंवा सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या संस्थेत. म्हणजे कागदावर तुमचं एकच घर असलं पाहिजे. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमांत बी.ई. आणि एम.ई. 'संबंधित शाखेत' असण्याची अट आहे, आणि छाननी समिती ती अक्षरशः वाचते. मेकॅनिकलमध्ये बी.ई., इंडस्ट्रियलमध्ये एम.टेक. आणि पीएच.डी. एखाद्या नव्याकोऱ्या आंतरशाखीय केंद्रातून, अशी उमेदवार चांगली असूनही कुठल्याच रकान्यात बसत नाही असं होऊ शकतं. आयआयटीसारख्या ठिकाणी पदवीच्या नावाकडे तितकं बघत नाहीत, तिथे पीएच.डी. आणि प्रकाशनांवर भर असतो. तुम्हाला पुढे कुठे शिकवायचंय ते आधी ठरवा, मग विभाग निवडा.

मुंबईत पर्याय बरे आहेत. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च आहे, बायोसायन्सेस अँड बायोइंजिनीअरिंग आहे, आणि 2021 पासून कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे. तिथल्या डिजिटल हेल्थच्या पदव्या नव्या पिढीसाठी उत्तम, पण तुमच्यासाठी मी पहिला पर्याय सुचवेन: घर ऑपरेशन्स रिसर्चमध्ये, विषय रुग्णालयातला. देवनारला टीआयएसएसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) आरोग्य-व्यवस्था आणि रुग्णालय-प्रशासन शिकवलं जातं. तिथला अभ्यास समाजशास्त्राच्या अंगाने जातो, आणि इंजिनीअरला त्याचा फार उपयोग होतो. त्याच परिसरात आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था आहे, आकडेवारीसाठी. माटुंग्याचं व्हीजेटीआय घरापासून जवळ आणि मध्य रेल्वेवर, हेही कमी नाही. कुठेही गेलात तरी सहमार्गदर्शक म्हणून एक डॉक्टर हवाच, आणि तो नावापुरता नको. आठवड्यातून एकदा तुमच्याशी भांडायला वेळ काढेल असा हवा. विद्यावेतन 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000 रुपये आहे. ठाण्यात स्वतःचं घर असेल तर निभतं; भाड्याने राहत असाल तर नोकरी न सोडता बाह्य उमेदवार म्हणून नोंदणी होते का ते पाहा.

आता माझ्या मते जो खरा मुद्दा आहे तो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी समिती हमखास विचारते, "यात नवीन काय?" रांगेचं गणित जुनं आहे. व्यवस्थेत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी वेळ, हा नियम जॉन लिटलने 1961 मध्ये सिद्ध केला. अमेरिकेत इंजिनीअरिंग आणि आरोग्यसेवा यांना जोडा, असं सांगणारा तिथल्या राष्ट्रीय अकादमींचा अहवाल 2005 चा. रुग्णसुरक्षेकडे माणूस, काम, साधनं, जागा आणि संघटना असं एकत्र पाहणारी विस्कॉन्सिनची सीप्स ही चौकट 2006 ची. हे सगळं आणून मुंबईच्या रुग्णालयाला लावलं तर फार तर चांगला प्रकल्प होईल. प्रबंध होणार नाही.

प्रबंध होतो तो जिथे या चौकटी आपल्याकडे मोडतात तिथे. सगळ्यात मोठी मोडतोड म्हणजे नातेवाईक. आपल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात रक्ताचा नमुना लॅबपर्यंत कोण नेतो? स्ट्रेचर कोण ढकलतो? रक्तपेढीत फॉर्म घेऊन कोण पळतो, बाहेरच्या मेडिकलमधून औषध कोण आणतो, जुना केस पेपर पिशवीतून काढून कोण देतो? नातेवाईक. परदेशी मॉडेलमध्ये ही सगळी पगारी माणसांची कामं असतात, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. आपल्याकडे रुग्णालयाची निम्मी वाहतूक अशा माणसांवर चालते ज्यांची नोंद कुठल्याही हजेरीपटावर नाही, ज्यांना इमारतीचा नकाशा माहीत नाही आणि जे तिसऱ्या दिवशी बदलतात. सोलापूरहून आलेल्या रुग्णाबरोबर एकच म्हातारी असेल तर त्याचा रिपोर्ट उशिरा येतो. डोंबिवलीच्या रुग्णाबरोबर तीन भाऊ असतील तर लवकर. आजार तोच, वॉर्ड तोच. हे मॉडेलमध्ये कसं धरायचं? नातेवाईक नसलेल्या रुग्णाचं नुकसान कसं मोजायचं? वॉर्डबॉय वाढवले तर नक्की कुणाचा वेळ वाचेल? इथे नवीन गणितही लागतं, नवीन माहितीही, आणि ते काम शीव-परळला जितकं चांगलं होईल तितकं बॉस्टनला होणार नाही.

दुसरी मोडतोड नावांची. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं. बाळंतपणाला माहेरी गेली तर तिथल्या केस पेपरवर कधी माहेरचं नाव लागतं, कधी सासरचं. सुनिता की सुनीता, शेख आडनाव आधी की नंतर, मराठी उच्चार ऐकून क्लार्कने रोमन लिपीत लिहिलेलं स्पेलिंग. एकाच बाईची तीन रुग्णालयांत पाच रूपं होतात. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालं आणि 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य-ओळख क्रमांक, आला, त्याने प्रश्न सोपा होईल. पण जुन्या नोंदी जोडायच्या तर हा गुंता सोडवावाच लागेल. भाषा जाणणाऱ्या इंजिनीअरसाठी हे सोन्यासारखं काम आहे, आणि त्यात हात घालणारे थोडे आहेत, कारण ते दिसायला किरकोळ वाटतं.

त्याच मिशनमुळे क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीची नोंदणी होऊ लागली. चांगली सोय आहे. पण नोंदणीची खिडकी रिकामी झाली की रांग नाहीशी होत नाही, ती सरकते. कधी डॉक्टरांच्या दाराशी जाते, कधी औषधांच्या खिडकीपाशी. सॉफ्टवेअरवाले पहिल्या खिडकीचा फोटो काढून यश जाहीर करतात. सिस्टिम्सवाल्याने शेवटच्या खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं असतं.

मुंबईत सिस्टिमचा विषय निघाला की डबेवाल्यांचं उदाहरण येतंच. मी ते वर्गात वापरत नाही. डबा मधेच आपला पत्ता बदलत नाही, रुग्ण बदलतो. मेडिसिनला आलेला सर्जरीत जातो, तिथून आयसीयूत. त्यापेक्षा मी 2020 च्या वॉर रूमचं उदाहरण देतो. कोविडच्या पहिल्या लाटेत बेडसाठी सगळं शहर 1916 या एकाच हेल्पलाइनवर फोन करत होतं. जूनमध्ये महापालिकेने बेड देण्याचं काम 24 वॉर्डांच्या वॉर रूमकडे, म्हणजे नियंत्रण कक्षांकडे, वाटून दिलं. विद्यार्थ्यांना मी विचारतो: एकच मोठी रांग 24 लहान रांगांत तोडली तर पुस्तकी गणिताप्रमाणे सरासरी प्रतीक्षा वाढायला हवी, मग इथे हे योग्य का ठरलं असेल? चर्चा तासभर चालते. वॉर्डातल्या माणसाला गल्ली माहीत असते, तो घरी माणूस पाठवून रुग्ण बघू शकतो, फोन खरा की घाबरून केलेला हे त्याला कळतं. म्हणजे सेवेचा वेळ आणि निर्णयाचा दर्जा दोन्ही बदलतात. आणि बेडची आकडेवारी सगळ्यांना एकच दिसत असेल तरच हे जमतं. विकेंद्रीकरण कामाचं, माहिती मात्र सामायिक. हे ज्याला उमगलं त्याला पुढचं अर्धं सेमिस्टर सोपं जातं.

विद्यार्थ्यांना तयार कसं करायचं, यावर तुम्ही कमी विचारलंय, पण माझं सगळ्यात ठाम मत इथेच आहे. पहिला महिना कोडिंग बंद. लॅपटॉप घरी. हातात घड्याळ, लिहायला पॅड आणि पेन. एक रुग्ण निवडायचा, त्याची परवानगी घ्यायची आणि तो आल्यापासून जाईपर्यंत त्याच्या मागे फिरायचं. मग त्याच दिवसाची संगणकातली नोंद काढून दोन्ही वेळा शेजारी मांडायच्या. नमुना घेतल्याची वेळ म्हणून जी दिसते ती बहुतेकदा लॅबच्या काउंटरवर नोंद केल्याची असते. डिस्चार्जची वेळ म्हणजे फाईल बंद झाल्याची. रुग्ण त्याच्या आधी दोन तास घरी गेलेला असतो, नाहीतर बिलासाठी अजून बाकावर बसलेला असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढे कुठलाही डेटा आंधळेपणाने मशीन लर्निंगमध्ये ओतत नाही. आणि न पाहिलेला विद्यार्थी इंटरनेटवरून एक्स-रेचा तयार संच उतरवतो, अचूकतेचा आकडा दाखवतो, आणि "हा निकाल कुणाच्या टेबलावर जाणार?" विचारलं की गप्प बसतो.

गट करताना दोन इंजिनीअर आणि एक नर्सिंगची किंवा सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी, असा करा. आणि मराठी बोलणारं निदान एक पोरगं प्रत्येक गटात असू द्या. साहेबांना विचारलं तर नियम कळतो. प्रत्यक्षात काय होतं ते मावशी आणि वॉर्डातले मामा सांगतात, तेही चहाच्या वेळी. इन्चार्ज सिस्टरांची ओळख पहिल्याच दिवशी करून घ्या. त्यांनी मनावर घेतलं तर काम आठवड्यात होतं, नाहीतर डीनचं पत्र असूनही होत नाही.

माहितीशास्त्राचा पाया मात्र पक्का करून घ्या, त्यात हयगय नको. आजारांचं वर्गीकरण आणि मोजणी यासाठी आयसीडी, प्रत्यक्ष क्लिनिकल बारकावे टिपायला स्नोमेड-सीटी, तपासण्यांसाठी लॉइंक, दोन यंत्रणांत देवाणघेवाणीसाठी फायर. भारत 2014 पासून स्नोमेडचा सदस्य असल्याने देशात ते वापरायला शुल्क नाही. आरोग्य मंत्रालयाची इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं 2013 मध्ये आली, 2016 मध्ये सुधारली गेली. ती मूळ कागदपत्रं विद्यार्थ्यांना वाचायला लावा, कुणाच्या स्लाइड्स नकोत. आणि मग त्यांना एक खरा केस पेपर दाखवा, नाव झाकून. 'एमएस' लिहिलंय, ते हृदयाची झडप अरुंद होण्याबद्दल आहे की चेतासंस्थेच्या आजाराबद्दल, हे कुठलंही मानक आपोआप सांगत नाही.

नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली असं समजू नका. 400012 हा पिनकोड, वय, दाखल होण्याची तारीख आणि एखादा दुर्मीळ आजार, एवढ्यावरून परळच्या चाळीतला माणूस शेजाऱ्याला ओळखू येतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यातच समजावून द्या. कायद्यात दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. हा आकडा फळ्यावर लिहिला की पेन ड्राइव्हवर डेटा नेण्याचा उत्साह मावळतो. नैतिकता समितीच्या मंजुरीला काही महिने जातात. ते धरूनच वेळापत्रक आखा. त्यात पावसाळा मोजा: जुलै ते सप्टेंबर मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोने मेडिसिनचे वॉर्ड भरलेले असतात. तेव्हा मुलाखती मागायला गेलात तर रेसिडेंट (निवासी डॉक्टर) हाकलून देतील, आणि बरोबरच करतील. पण गर्दीचाच अभ्यास असेल तर तेच तीन महिने महत्त्वाचे.

आता वेळेचं उरलेलं उत्तर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. शिवाय नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली, परीक्षा, प्रवेश. यातून वेगळं संशोधन काढायचं म्हटलं तर निघणार नाही, म्हणून प्रकल्पच संशोधनाला जोडा. मात्र कुणाला काय द्यायचं याचं भान ठेवा. बी.ई.च्या प्रकल्पाला दोन सेमिस्टर मिळतात; त्यात एका खिडकीचं मोजमाप आणि नकाशा होतो. एम.टेक.ला वर्षभरात एक सिम्युलेशन किंवा नावं जुळवण्याचं एक साधन होतं. वर्षानुवर्षं चालणारा मूळ प्रश्न तुमचा स्वतःचा. दरवर्षी नवीन रुग्णालय शोधू नका. एकच विभाग, एकच रुग्णालय धरा आणि प्रत्येक बॅचने पुढच्या बॅचसाठी टिपणवही सोडायची अशी अट घाला. रुग्णालयातले रेसिडेंट बदलतात, सॉफ्टवेअरचे ठेकेदार बदलतात. तीनचार वर्षांनी त्या विभागाचं कामकाज कसं बदलत गेलं हे सलग माहीत असणारी माणसं फक्त तुमच्याकडे असतात. मग डॉक्टर स्वतःहून फोन करतात.

प्रकाशनांचं एक लगेच ठरवून टाका. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून नाव असावं लागतं. इंजिनीअरिंगमध्ये मार्गदर्शकाचं नाव शेवटी असलं तरी चालतं. क्रम काय असेल हे डेटा गोळा करण्याआधी डॉक्टर सहकाऱ्याशी बोलून लेखी ठेवा. चांगल्या मैत्र्या यावरून तुटताना पाहिल्या आहेत.

तुमच्या विभागप्रमुखांना विरोध करत बसू नका. त्यांची भीती रास्त आहे. तीन विषयांत वरवर काम करणारे बरेच दिसतात. पीएच.डी.च्या अर्जाबरोबर जे एक पान द्यावं लागतं त्यात तिन्ही विषयांची नावं घालू नका. एका रुग्णालयातला एक टप्पा घ्या, उदाहरणार्थ नमुना घेतल्यापासून रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात पडेपर्यंतचा. तिथे आज काय होतं, कुठली नोंद खोटी वेळ दाखवते, आणि नातेवाईक नसलेल्या रुग्णाचं काय होतं, हे मराठीत कुणाला समजावून सांगावं तसं लिहा. त्यासाठी येत्या महिन्यात चार-पाच सकाळी एखाद्या ओपीडीत परवानगी काढून बसा. सोमवार असेल तर आठच्या आधी पोहोचा, नंतर उभं राहायलाही जागा नसते.